दोनशे अकरा अंगठे

माझे दाजी शिलाई मशीन दुरुस्त करतात. थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना दाजी म्हणतो, बाजारात सगळे मिस्त्री म्हणतात. वय सदुसष्ट. सतराव्या वर्षी ते एका तयार कपड्यांच्या कारखान्यात लागले. तिथे ऐंशी मशिनांच्या दोन रांगांमधून तेलाची कुपी घेऊन फिरता फिरता काम शिकले. कारखाना बंद पडला तेव्हा एक छापखाना आणि एक चष्म्याचे दुकान यांच्या मधला गाळा त्यांनी घेतला. गाळा असा चिंचोळा, की आत दोन माणसे असली की तिसऱ्याने रस्त्यात उभे राहून बोलायचे.

त्यांची काम करण्याची एक तऱ्हा आहे. गिऱ्हाईक मशिनाची तक्रार सांगू लागले की ते हात वर करून त्याला थांबवतात आणि म्हणतात, त्याला बोलू द्या. मग हाताचे चाक एकदा हळू फिरवून, मान तिरकी करून ऐकतात. निम्म्या वेळा तेवढ्यावरच दुखणे सापडते. दुसरी तऱ्हा अशी, की ते डावे-उजवे कधी म्हणत नाहीत. कारखान्याच्या आवाजात शब्द ऐकू येत नसत, त्यामुळे शिकणे-शिकवणे सगळे हातांनी चाले. तीच सवय अंगात मुरली. हे इकडे, ते असं, आता एवढंच फिरवायचं, असे ते सांगतात आणि सांगितलेले सगळे हातांत असते. ताई म्हणते, यांना फोनवर पत्ता विचारू नका, माणूस परदेशात पोचेल.

तिसरी गोष्ट म्हणजे दुकानातली परतीची फळी. दुरुस्त करून नेलेले मशीन महिन्याभरात पुन्हा बिघडून आले, तर दाजी ते आतल्या ढिगात ठेवत नाहीत. रस्त्यावरून दिसेल अशा फळीवर ठेवतात आणि वर खडूने पहिल्या दुरुस्तीची तारीख लिहितात. म्हणजे मिस्त्रीचे काम फसले, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला आपोआप कळते. चष्मेवाल्याने एकदा आपुलकीने समजावले होते की लोक चांगला माल दर्शनी ठेवतात, तुम्ही नापास झालेला ठेवता. दाजी म्हणाले, आत ठेवलं की मला विसरायला होतं, बाहेर ठेवलं की प्रत्येक जण विचारतो, हे कधी होणार.

हे सगळे मला तीस वर्षे माहीत होते. म्हणून पुढे मी जे केले, ते न कळून केले असे म्हणायची सोय मला नाही.

दीड वर्षापूर्वी दाजींच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पहिल्याला थोडी गुंतागुंत झाली, दुसरा त्यामुळे लांबला आणि दुकान पाच महिने बंद राहिले. उघडले तेव्हा निम्मी गिऱ्हाइके पांगली होती. नवीन विजेची मशिने स्वस्तात मिळतात, बिघडली की फेकून द्यायची असतात. दाजी सकाळी दुकान उघडत आणि रिकाम्या टेबलावर तेच स्क्रू पुसत बसत. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडत. ताईने मला बोलावून सांगितले, की यांचं काही तरी बघ, माणूस आतून विझत चाललाय.

उपाय भाचीने काढला. ती नोकरीनिमित्त लांब राहते. तिने फोनवर सुचवले की बाबांच्या कामाचे व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकू या, जुनी मशिने अजून हजारो घरांत आहेत आणि ती दुरुस्त करणारे कुणी उरलेले नाही. चॅनेल तिनेच तिथून सुरू करून दिला. सांभाळायचे काम माझ्याकडे आले. माझी निवृत्ती अकरा महिन्यांवर होती. वाणिज्य शाखेतून पदवी घेऊन एकाच कार्यालयात सदतीस वर्षे काढल्यावर पुढे काय, हा प्रश्न मलाही पडलाच होता. मी एक वही केली. व्हिडिओचा क्रमांक, तारीख, विषय, लांबी, किती जणांनी पाहिला, असे रकाने आखले. दर रविवारी सकाळी फोन घेऊन दुकानात हजर होऊ लागलो. दाजी मला त्या दिवसापासून थट्टेने साहेब म्हणू लागले. आज साहेबांची स्वारी लवकर आली, साहेब, उजेड बरा आहे का, असे.

पहिल्या तीन व्हिडिओंत एक अडचण आली. दाजींचे हात सारखे चौकटीबाहेर जात. मी उभा राहून हातवारे करून सांगायचो, पण त्यांचे लक्ष मशिनात. चौथ्या वेळी मला युक्ती सुचली. फोन उलटा फिरवला आणि ज्या कॅमेऱ्याने आपण स्वतःचा फोटो काढतो तो चालू केला. आता पडदा दाजींच्या समोर आला. अधूनमधून नजर टाकली की हात कुठे आहेत ते त्यांना कळे. मला या युक्तीचा फार अभिमान वाटला. वहीत मी तिची वेगळी नोंदही केली.

त्या चौथ्या व्हिडिओचा विषय होता सुई आणि शटल, म्हणजे सुईखाली तिचा धागा पकडणारा टोकदार भाग, यांचा मेळ. टाके सुटत असतील तर सुईची चपटी बाजू कुठे हवी, धागा कुठून ओवायचा, शटल कुठल्या बाजूला सरकवायचे. दाजींनी ते मोठ्या तन्मयतेने दाखवले. चपटी बाजू इकडे. शटल असं, अगदी सुतभर. फोन जवळ धरला होता, त्यामुळे सुईच्या आसपासचा भाग तेवढा दिसत होता, आणि जे मशीन घेतले होते त्याच्यावरची नावाची अक्षरे घासून गेलेली होती.

व्हिडिओ चालला, इतका की पाचवा काढायचे राहूनच गेले. पहिल्या तिन्हींना मिळून जेवढे लोक आले नव्हते तेवढे याला एका आठवड्यात आले. रविवारी दाजींच्या घरी बसून मी लोकांचे अभिप्राय वाचून दाखवत असे. आजीचं मशीन पुन्हा सुरू झालं, काका शतायुषी व्हा, असे पुष्कळ. ते बहुतेक पहिल्या तीन व्हिडिओंखालचे असत, पण तसे मी सांगत नसे. ताई पदराने डोळे टिपायची. दाजी दुकानात जाताना धुतलेला सदरा घालू लागले. चष्मेवाल्याने आपल्या काउंटरवरच्या फोनवर व्हिडिओ लावून चार लोकांना दाखवला. दाजींनी स्वतः मात्र एकही व्हिडिओ पाहिला नाही. माझे हात मला रोज दिसतात, असे म्हणायचे.

मग मला खाली वळलेले अंगठे दिसले.

भाचीने ते आधीच समजावून सांगितले होते. ज्यांना आवडले ते वरचा अंगठा दाबतात, त्याचा आकडा सगळ्यांना दिसतो. ज्यांना आवडले नाही ते खालचा दाबतात, पण तो आकडा आता पाहणाऱ्यांना दिसत नाही, ज्याचा चॅनेल त्यालाच आत जाऊन दिसतो. आधी दिसायचा, मग लपवला, नव्या माणसाचा उत्साह जाऊ नये म्हणून. मला ही व्यवस्था सभ्य वाटली होती. चौथ्या व्हिडिओखाली पहिल्या आठवड्यात असे बारा अंगठे होते. महिन्याभरात साठ झाले.

अभिप्रायही आले. पहिला होता, काका डावखुरे आहेत का? मी हसून सोडून दिला. मग आले, उलटं सांगताय. नीट बघून शिकवा. तुमच्या नादाने सुई मोडली. मला राग आला. घरबसल्या फुकट शिकायला मिळते आणि वर ही भाषा. मी ताईला वाचून दाखवले. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "हे त्यांना सांगू नकोस. आत्ता कुठे माणूस जेवायला लागलाय. चांगलं तेवढंच सांग."

मला तेवढे निमित्त पुरले. खरे सांगायचे तर ताईने सांगितले नसते तरी मी तेच केले असते. आमच्या कार्यालयात अभ्यागतांसाठी अभिप्रायाची पेटी आहे आणि तिची किल्ली बरीच वर्षे माझ्याकडे होती. तीन महिन्यांनी पेटी उघडायची, चिठ्ठ्यांवर नोंद घेतली असा शिक्का मारायचा, फाइलला लावायच्या. त्यांतली एखादी वर साहेबांकडे गेल्याचे मला आठवत नाही. तक्रार म्हणजे कागद, आणि कागदाला जागा मिळाली की काम झाले, असेच मी आयुष्यभर धरून चाललो.

मी एकेक अभिप्राय काढून टाकू लागलो. काढायच्या आधी पूर्ण वाचायचो, घाईने कधी काढला नाही. प्रत्येक अभिप्रायाची सूचना मला ई-मेलने येत असे, ती मात्र मी सवयीने वेगळ्या कप्प्यात टाकून ठेवत होतो. कप्प्याला नाव दिले होते, इतर. तिसऱ्या महिन्यात दर आठवड्याला तीन-चार काढायचा कंटाळा आला तेव्हा मी त्या व्हिडिओखाली लिहिण्याची सोयच बंद केली. एका रविवारी दाजींनी विचारले होते, "सगळे चांगलंच म्हणतात? नाही आवडलं असं कुणीच नाही?"

मी म्हणालो, "तसं विशेष काही नाही."

ते म्हणाले, मग लोक फारच सज्जन झाले म्हणायचे.

चौथा महिना संपत आला असताना एका शनिवारी दुपारी मी दुकानात स्टुलावर बसलो होतो. चाळिशीची एक बाई दारात आली. काखेत चादरीत बांधलेले मशीन होते. दोन बस बदलून आली होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मशीन टेबलावर ठेवले, पण ती बसली नाही. तिने विचारले, "व्हिडिओतले मिस्त्री तुम्हीच?"

दाजींनी सदरा नीट केला. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आले, ते शस्त्रक्रियेनंतर मी प्रथमच पाहत होतो.

बाईने चादरीची गाठ सोडली. ती एका मोठ्या दवाखान्यासाठी उशांच्या खोळी शिवते. मशीन तिच्या आईचे. टाके सुटायला लागले, जवळपास दुरुस्त करणारा कुणी नाही, म्हणून तिने दाजींचा व्हिडिओ पाहिला. नऊ वेळा. थांबवून थांबवून, जसे दाखवले तसे करत गेली. तीन सुया मोडल्या. चौथीचा तुकडा उडून भुवईखाली लागला. तिने बोट ठेवून खूण दाखवली, डोळ्यापासून अर्ध्या बोटावर. शेवटी शटलचे टोकच उडाले आणि मशीन अडकून बसले. खोळींचे काम दवाखान्याने दुसरीला दिले होते. मशीन आठ दिवसांत सुरू झाले तर परत मिळेल, नाहीतर गेले.

दाजींनी मशीन आडवे करून पाहिले. "सुई उलटी बसवलीय तुम्ही."

"तुम्ही दाखवली तशीच बसवलीय."

"मी अशी कशी दाखवीन?"

"दाखवलीत," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, ती फक्त दमलेली होती. "विचारावं म्हटलं तर खाली लिहायला जागाच नाही. अंगठे बघावेत तर वरचे तेवढेच दिसतात. तेराशे माणसांना आवडलंय म्हणजे बरोबरच असणार. मी माझ्या मशीनलाच शिव्या घालत बसले."

दाजी माझ्याकडे वळले. "साहेब, लावा बघू तो व्हिडिओ."

मी लावला. त्यांनी फोन हातात घेऊन नव्या डोळ्यांजवळ धरला. एकदा पूर्ण पाहिला. दुसऱ्यांदा मध्येच थांबवला आणि आपला उजवा हात पडद्याशेजारी धरला. त्यांच्या उजव्या अंगठ्याला नख नाही, कारखान्यात असताना पट्ट्यात सापडून गेले ते पुन्हा आले नाही. पडद्यावर बिननखाचा अंगठा डाव्या हाताला होता.

"हे उलटं आहे," ते म्हणाले. "आरशात दिसतं तसं."

मला सगळे एका क्षणात कळले. तो समोरचा कॅमेरा. माझी युक्ती. त्या फोनवर त्या कॅमेऱ्याने काढलेले चित्र आरशासारखे उलटून साठवले जात होते. दाजींनी एकदा जरी तोंडाने उजवीकडे म्हटले असते तरी लोक सावध झाले असते, पण ते म्हणाले होते, इकडे. मशिनावर नावाची अक्षरे शाबूत असती तर तीही उलटी दिसली असती. आणि माझ्या डोळ्यांसमोर तो पहिला अभिप्राय आला. काका डावखुरे आहेत का? ती कुणाची कुचेष्टा नव्हती. त्या माणसाने चूक ओळखली होती आणि सभ्यपणे विचारले होते.

दाजी त्या बाईला म्हणाले, "तुम्ही बरोबरच केलंत. दाखवलं ते चुकीचं होतं. चूक माझी आहे."

मी दोन हात अंतरावर बसलो होतो. व्हिडिओ मी काढला होता. लोकांनी सांगितले ते मी वाचले होते आणि पुसले होते. बोलायला एवढे एक वाक्य पुरले असते. मी उठलो आणि म्हणालो, "चहा सांगतो." आणि बाहेर पडलो.

चहावाला समोरच आहे, हाक मारली तरी ऐकू जाते. तरी मी चालत गेलो आणि ग्लास भरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.

परत आलो तेव्हा दाजींनी तिला कामापुरते दुसरे मशीन द्यायचे ठरवले होते. ते ताईचे, घरचे मशीन. आमच्या घरी जाऊन घेऊन जा, मी फोन करतो, आणि गुरुवारी या, तुमचं तयार ठेवतो, असे सांगून त्यांनी तिला पाठवले. चहा तिने घेतला नाही.

ती गेल्यावर दाजी बराच वेळ शटल कापडाने पुसत राहिले. मग म्हणाले, "हजारो माणसांनी पाहिलं. एकालाही कळलं नाही?"

"कळलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

"खाली अंगठे आहेत. दोनशे अकरा. ते फक्त आपल्यालाच दिसतात."

"आपल्याला म्हणजे कुणाला?"

"मला."

"आणि लिहिलं नाही कुणी?"

"लिहिलं होतं. मी काढून टाकलं."

ते ओरडले असते तर बरे झाले असते. मी पुढे होऊन ताईचे नाव घेतले, तुमच्या तब्येतीचे बोललो, तुम्ही किती खचला होतात ते सांगू लागलो. तक्रार सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवतात तसा त्यांनी हात वर केला.

"बेचाळीस वर्षं लोक माझ्या तोंडावर सांगत आले, मिस्त्री, नाही जमलं. तेच ऐकून मी शिकलो," ते म्हणाले. "डॉक्टरनं माझ्या डोळ्यांवर दोन दिवस पट्टी बांधली होती. तुम्ही चार महिने बांधलीत."

मग त्यांनी ते मशीन उचलून परतीच्या फळीवर ठेवले. खडू घेतला आणि मला विचारले, व्हिडिओची तारीख काय होती. मला वही काढावी लागली नाही. मी सांगितली, त्यांनी लिहिली. त्या दिवसाआधी ते मशीन त्यांनी कधी पाहिलेही नव्हते. चष्मेवाला दारात येऊन म्हणाला, मिस्त्री, बऱ्याच दिवसांनी परत आलं की काही. दाजी हो म्हणाले. मी पिशवी उचलून निघालो. त्यांनी साहेब म्हणून हाक मारली नाही, हे मला रस्त्यात लक्षात आले.

घरी त्या रात्री ताईने सगळा दोष अंगावर घेतला. मीच सांगितलं होतं त्याला, असे ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि दाजी म्हणाले, तू बायको आहेस, तू म्हणणारच, त्याला वाचता येत होतं ना. हे तिनेच मला दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर सांगितले. त्याच फोनवर दाजींचा निरोप होता. पुसलेलं काही परत मिळतं का, ते विचारत होते.

मिळत होते. माझा तो कप्पा होता. इतर. मी चौतीस ई-मेल कागदावर छापून घेतले, तारखेप्रमाणे लावले, टाचणी मारली आणि दाजींच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलाशी बसून वाचू लागलो. स्वतःच्या आवाजात ते वाचताना प्रत्येक ओळ मला वेगळी ऐकू येत होती. उलटं सांगताय, हे मी चार महिने उर्मटपणा म्हणून वाचले होते. ती साधी, खरी माहिती होती. एकाने लिहिले होते, काका, बहुतेक कॅमेरा उलटा आहे, बदलून पुन्हा टाका, शिकवता छान. शेवटचे दोन शब्द मी रविवारी वाचून दाखवले असते, पहिले सगळे गाळून. एका म्हाताऱ्या शिंप्याने सावकाश टाइप करून चार ओळींत सुईची बाजू समजावली होती, दाजींना कमीपणा वाटू नये म्हणून आधी त्यांची दोन वेळा माफी मागून.

दाजींनी कागद माझ्याकडून घेऊन दोन भाग केले. निव्वळ शिव्या देणारे पाच निघाले. उरलेले एकोणतीस कामाचे. त्यांतून त्यांना आणखी दोन गोष्टी कळल्या, की खाली वाकल्यावर त्यांचा आवाज ऐकू येत नाही आणि तेल कुठे सोडायचे ते अंधारात दिसत नाही. मी ते चौतीसच्या चौतीस एका माळेत ओवले होते, वाईट बोलणारे लोक म्हणून.

"हे सगळे गिऱ्हाईक आहेत," दाजी म्हणाले. "मशीन घेऊन दारात आले आणि तुम्ही दार लावून घेतलंत."

मी मान खाली घालून टाचणी काढत-घालत बसलो. ताईने उगाचच पंख्याचा वेग वाढवला.

मंगळवारी मी रजा टाकून दुकानात गेलो आणि नवा व्हिडिओ काढला, फोनच्या मागच्या कॅमेऱ्याने. दाजी सुरुवातीलाच म्हणाले की आधीच्या व्हिडिओत सगळं उलट दिसलं होतं, ज्यांचं नुकसान झालं त्यांची मी माफी मागतो, चूक माझी आहे. फोन माझ्या हातात होता. मी म्हणू शकलो असतो की थांबा, हे मी सांगतो. दाजींनीही वर पाहून क्षणभर वाट पाहिली, असे मला वाटले. कदाचित ते फक्त हात चौकटीत आहेत का ते विचारत असतील. मी नुसती मान हलवली. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उजवीकडे हा शब्द वापरला, आणि आधी स्वतःच्या हाताकडे बघून खात्री करून घेतली. मी जुना व्हिडिओ काढून टाकला, नवा टाकला आणि लिहिण्याची सोय उघडली.

गुरुवारी ती बाई यायची होती. मला कुणी बोलावले नव्हते, तरी मी अर्धा दिवस सुट्टी घेऊन गेलो. दाजींनी जुन्या साठ्यातले शटल बसवले होते. ताईचे मशीन घरी परत देऊन आलेली बाई टेबलाशी बसली आणि कापडाच्या तुकड्यावर टाके घालून पाहू लागली. टाके बारीक आणि सरळ येत होते. ती दर वीतभर कापडानंतर थांबून उलट बाजू तपासत होती. माझ्या खिशातला फोन वाजला. नव्या व्हिडिओखाली कुणी तरी लिहिले होते.

"वाचा," दाजी म्हणाले.

मी आधी मनात वाचले. दाजींनी ते पाहिले आणि पुन्हा म्हणाले, "मोठ्यानं."

मी वाचले, "हे मी चार महिन्यांपूर्वी दोनदा लिहिलं होतं. तेव्हा कुणी वाचलं नाही का? माझंही शटल गेलं."

बाईने चाकावर हात ठेवून मशीन थांबवले.

"उत्तर द्या त्याला," दाजी म्हणाले.

"काय लिहू?"

"वाचलं होतं की नव्हतं, तेवढं लिहा."

सदतीस वर्षांत मी कार्यालयाची हजारो पत्रे लिहिली असतील. उपरोक्त विषयास अनुसरून, असे सुरू केले की हात आपोआप पुढे चालतो. त्या दिवशी चार वाक्यांना मला किती वेळ लागला ते सांगवत नाही. मी लिहिले ते मोठ्याने वाचले. "वाचले होते. मिस्त्रींना दाखवले नाही. मीच काढून टाकले. तो उलटा व्हिडिओही मीच घेतला होता."

बाई माझ्याकडे बघत होती. शनिवारपासून ती मला दुकानात बसणारा कुणी तरी म्हणून ओळखत होती.

"म्हणजे मी लिहिलं असतं, तरी तुम्ही पुसलं असतं?"

"हो," मी म्हणालो.

"आणि शनिवारी मी इथं उभी होते, तर तुम्ही चहा आणायला गेलात."

दाजींनी मला सोडवले नाही, ते स्क्रू आवळत राहिले. मी बोटाने ते उत्तर पाठवले. आता ते माझ्या हाताबाहेर होते, कुणीही वाचू शकत होते.

बाईने उरलेला टाका पुरा केला, धागा दाताने तोडला आणि मशीन चादरीत बांधले. दाजींनी तिला सांगितले की महिन्याभरात काही आवाज आला तर थेट घेऊन यायचं, लाजायचं नाही. ती उठली. मी पुढे होऊन म्हणालो, "द्या, मी बसपर्यंत घेतो."

"नको," ती म्हणाली. "आणलं तसं नेईन."

ती वळणावर दिसेनाशी झाली नव्हती, तोच फोन पुन्हा वाजला. दाजींनी मान वर केली नाही.

"वाचा," ते म्हणाले. मी वाचू लागलो.